अंधारातलं बोलणं

त्या टॉकीजच्या तिकिटावर खुर्चीचा नंबर छापलेला असायचा, पण तो वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. लोक आत यायचे, अंधारात डोळे मिचकावत उभे राहायचे आणि बॅटरीताईची वाट बघायचे. मग कुठूनतरी उजेडाचा एक ठिपका यायचा, त्यांच्या पायांशी थांबायचा आणि पुढं चालू लागायचा. लोक मुकाट त्याच्यामागून जायचे. बाहेर रस्त्यावर जे कुणाच्या बापाला भीत नसत, तेसुद्धा जायचे.

बॅटरीताईला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. तिची आत्या टॉकीजच्या तिकीटखिडकीत बसायची. एकट्यादुकट्या आलेल्या बायका अंधारात पुरुषामागून जायला कां-कू करतात हे आत्याच्या लक्षात आलं, आणि तिनं भाचीला नेऊन मालकांपुढं उभं केलं. मालक म्हणाले, "महिनाभर बघू." तो महिना भाचीचे केस पिकेपर्यंत चालला.

पहिल्या दिवशी मालकांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि दोन गोष्टी बजावल्या. उजेड पायांवर टाकायचा, तोंडावर नाही. आणि आवाज गेला की लगेच वर केबिनला खूण करायची. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. पडद्यावरचं चित्र गेलं तर लोक जरा वाट बघतात. आवाज गेला की मात्र बघत नाहीत. आधी शिट्ट्या, मग पाय आपटणं, मग ब्लेड घेऊन खुर्च्या फाडणं. अंधारात माणसाला लाज नसते, असं मालकांचं मत होतं. दिवे लागले की शेजारी कोण बसलंय ते दिसतं. कुणाचे मास्तर निघतात, कुणाचे सासरे निघतात, आणि शिट्टी जागच्या जागी विरते. म्हणून आवाज गेला की विचार करत बसायचं नाही. बॅटरीचे तीन झबके, आणि वरून दिवे लागलेच पाहिजेत.

त्यामुळं झालं असं की इतकी वर्षं टॉकीजमध्ये काढून बॅटरीताईनं एकही सिनेमा धड बघितला नाही. पडद्याच्या डाव्या हाताला एक दार होतं, तिथं ती पडद्याकडं पाठ करून उभी राहायची आणि नुसती ऐकायची. काय चाललंय ते नाही, तर चाललंय की नाही एवढंच. ही सवय इतकी अंगात मुरली की घरी झोपेतसुद्धा पंखा बंद पडला की ती ताडकन उठून बसायची.

तिच्या दारातून समोर, पार मागं, बाल्कनीच्याही वर, केबिनची चौकोनी खिडकी दिसायची. त्या खिडकीत ऑपरेटर. सिनेमाची यंत्रं चालवणारा तो. कामाला लागल्यावर कित्येक दिवस तिनं त्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. तो तिच्या आधी यायचा, तिच्यानंतर जायचा. पण खुणा चालायच्या. एक झबका म्हणजे आवाज वाढव. दोन म्हणजे चित्र पुसट दिसतंय. तीनचं वर सांगितलंच. लांबलचक एक उजेड म्हणजे सगळं ठीक आहे. त्याच्याकडंही बॅटरी होती, आणि तो खिडकीतून उत्तर द्यायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

मग हळूहळू मालकांनी न शिकवलेल्या खुणा आल्या. बॅटरी गोल फिरवली की डबा खाल्ला का. आडवी हलवली की आज फार गर्दी, पायाचे तुकडे पडले. एखाद्या दिवशी ती रुसली असली की मध्यंतरापर्यंत एकही खूण करायची नाही, आणि वरून खिडकीतली बॅटरी उगीचच लुकलुकत राहायची. लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं एका खोलीत जमली, तेव्हा ही दोघं समोरासमोर बसून चकार शब्द बोलली नाहीत. पण मानेनं आणि भुवयांनी इतकं काही चाललं होतं की आत्या म्हणाली, "आपण कशाला जमलोय? यांचं बोलून झालेलं दिसतंय."

संसार झाला, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली. टॉकीजमध्ये खुणा चालूच राहिल्या.

आता ऑपरेटरच्या कानांचं सांगायला हवं. केबिन म्हणजे एवढीशी खोली, तिला खिडकी तेवढी एक, आणि आत दोन यंत्रं दिवसभर खडखडणार. त्या आवाजात उभं आयुष्य काढल्यावर कान काय शाबूत राहणार? गेले ते हळूहळू गेले, म्हणूनच त्याला ते कबूल करावं लागलं नाही. टॉकीज चालू होती तोवर काही अडलंही नाही, कारण तिथलं सगळं बोलणं उजेडाचं होतं. मग मालक वारले. लोक घरी बसून सिनेमे बघायला लागले. एक दिवस टॉकीजला कुलूप लागलं, आणि ऑपरेटर घरी आला तो जवळजवळ ठार बहिरा होऊनच.

पण स्वतःला बहिरा म्हणवून घ्यायचा नाही हं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही असा माणूस. त्यानं एक युक्ती काढली होती. कुणी काही बोललं की "हो हो" म्हणायचं. गॅस संपला म्हटलं तरी हो हो, पाहुणे येणारेत म्हटलं तरी हो हो. शेजारीण येऊन डोळ्याला पदर लावत म्हणाली की आमच्या सासूबाई गेल्या, तर हा प्रसन्नपणे म्हणाला, "हो हो, छान झालं." ते निस्तरता निस्तरता बॅटरीताईच्या नाकी नऊ आले. मुलगी फोन करून करून थकली, कानात घालायचं यंत्र घ्या म्हणून. तो म्हणायचा, "लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? यंत्र त्यांच्या तोंडात घाला." मग त्यानं चहाच्या टपरीवर जाणं सोडलं. नातेवाइकांकडं जाणं सोडलं. भिंतीकडची खुर्ची धरली आणि दिवसभर तिथंच बसू लागला.

एकदा बॅटरीताईनं स्वयंपाकघराच्या दारातून जुनी बॅटरी काढून गोल फिरवली. तिला वाटलं, हसेल. तो उठला, तिच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि म्हणाला, "मी काय बहिरा आहे?" टॉकीजमध्ये ते काम होतं. घरात ती कीव झाली असती. तिनं बॅटरी कपाटात ठेवून दिली आणि परत तो विषय काढला नाही. पण घरात दोन माणसं असून दिवसच्या दिवस बोलणं नाही, याचा तिला फार त्रास व्हायचा. एखाद्या दुपारी ती नळ सोडून भांड्यांशी बोलायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

अशात टॉकीज विकायला निघाली. मालकांच्या मुलीला तिथं गाड्या उभ्या करायला चार मजले बांधणारा कुणीतरी भेटला होता. त्याच सुमाराला संगीतवाल्यांची एक संस्था आली. त्यांना वाजवायला जागा हवी होती, नवी बांधायची ऐपत नव्हती, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जुन्या टॉकीजमध्ये आवाज चांगला घुमतो. मालकीण वडिलांच्या आठवणीनं विरघळली, पण अर्धीच. ती म्हणाली, "दुरुस्ती करा, एक कार्यक्रम करून बघा. पसंत पडली तर ठेवा. नाही तर मी गाडीवाल्याला हो म्हणून टाकते." पसंत पडली की नाही हे ठरवायचं होतं संस्थेच्या थोरल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी. त्यांचा शब्द शेवटचा.

संस्थेतर्फे देखरेखीला एक गृहस्थ आले. त्यांच्या हातात कायम मोजायची फीत असायची, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव फीतवाले ठेवलं. ते हॉलमध्ये जागोजाग उभे राहून टाळी वाजवायचे आणि कान टवकारायचे. मालकिणीनं झाडलोटीला बोलावलेल्या बॅटरीताईला आधी वाटलं डास मारताहेत. तिनं जाऊन धुराची कॉइल लावली. फीतवाले खोकत खोकत हसले आणि टाळीचा आवाज भिंतीवरून किती वेळानं परत येतो ते बघतोय म्हणाले. माणूस मोठा सज्जन होता. त्यांनी विचारलं, "इथली जुनी माणसं कोण आहेत? मला दाराशी आणि दिव्यांना माहितगार लागतील."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन गेली. व्हायोलिनच्या हॉलमध्ये बहिऱ्याला कोण ठेवून घेणार? नवऱ्याला मानेनं खुणावता यावं म्हणून ती फीतवाल्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"काका, दिव्यांचं काम जमेल ना?"

"हो हो," ऑपरेटर म्हणाला. इथवर झकास होतं.

"किती वर्षं केलंत?"

"हो हो."

"ते जरा कमी बोलतात," बॅटरीताई घाईघाईनं म्हणाली.

"उत्तम," फीतवाले म्हणाले. "संगीताच्या जागी अशीच माणसं हवीत."

तिचा जीव भांड्यात पडला. खरं तर तिला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण सांगणार कशी? ज्यानं बायकोजवळ कबूल केलं नाही, त्याचं गुपित बायकोनं परक्यापुढं फोडायचं? तिनं तोंडाला कुलूप लावलं.

दुरुस्ती सुरू झाली. पडदा उतरवला, त्यामागं धुळीनं माखलेला लाकडी रंगमंच निघाला. छताच्या कोपऱ्यातली कबुतरं तावदानं बसवल्यावर गेली, जाताना पुष्कळ काही मागं ठेवून गेली. खुर्च्या एकेक करून सोडवल्या. त्यांच्या खाली लोकांनी वर्षानुवर्षं चिकटवलेलं च्युइंगम बॅटरीताईनं सुरीनं खरवडून काढलं, आणि काढताना त्या सगळ्या अनोळखी माणसांना मनसोक्त शिव्या घातल्या. भिंतींवरची चुन्याची फुलं तशीच ठेवली. वर केबिनमधून यंत्रं गेली होती, पण हॉलचे दिवे हळूहळू चढवायचं आणि उतरवायचं जुनं चाक शाबूत होतं. ते बदलायला पैसे नव्हते. ऑपरेटरनं चाकाला तेल दिलं, खिडकीची काच पुसली आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

पहिल्याच दुपारी बॅटरीताई आपल्या दाराशी उभी राहिली. हॉल रिकामा होता, सुतार जेवायला गेले होते. तिनं भीत भीत बॅटरी वर धरली आणि गोल फिरवली. डबा खाल्ला का?

खिडकीत दोनदा उजेड आला. नाही. मग जरा वेळानं त्या उजेडाचा ठिपका बाल्कनीवरून उतरत खाली आला, खुर्च्यांमधून फिरला आणि वाकून काहीतरी मोजणाऱ्या फीतवाल्यांच्या टकलावर जाऊन बसला. तिथंच नाचायला लागला. फीतवाल्यांना पत्ता नव्हता. बॅटरीताई तोंडावर हात दाबून हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. किती वर्षांनी नवऱ्यानं तिच्याशी चेष्टामस्करी केली होती. त्या दिवसापासून तिचं ठरलं. जग इकडचं तिकडं झालं तरी हा हॉल राहिला पाहिजे, आणि हा माणूस त्या खिडकीत राहिला पाहिजे. घरी गेल्यावर तो पुन्हा भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसायचा, पण आता त्याचं तिला वाईट वाटत नसे. उद्या बोलूच, असं म्हणून ती झोपायची.

कार्यक्रम एका सुट्टीच्या दुपारी ठेवला होता. फीतवाल्यांनी नियम समजावले. एकदा वाजवायला सुरुवात झाली की दारं बंद. उशिरा येणारा बाहेर थांबेल. बॅटरी फक्त दोन वेळा काढायची, सुरू होताना दिवे घालवायला आणि संपल्यावर दिवे लावायला. मधे अजिबात नाही. बॅटरीताईनं सगळं ऐकून घेतलं. मधे नाही म्हणजे नाही, त्यात काय अवघड? व्हायोलिनवाल्या बाई सकाळी येऊन रंगमंचावर जरा वाजवून गेल्या, तेव्हा ही बाहेर पितळी कठडे घासत होती. त्या काय वाजवणार, कसं वाजवणार, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

हॉल बराचसा भरला. मालकीण पहिल्या रांगेत बसली होती. बॅटरीताईनं खूण केली, ऑपरेटरनं चाक फिरवलं, दिवे एवढे अलगद उतरले की लोकांनी बोलता बोलता नकळत आवाज खाली आणले. रंगमंचावर बाई एकट्याच, उंच, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी व्हायोलिन गळ्याशी धरलं.

बॅटरीताई सवयीनं रंगमंचाकडं पाठ करून उभी होती. सूर तिच्या पाठीवरून हॉलमध्ये गेला. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण हे काहीतरी जवळचं होतं एवढं कळत होतं. वर वर चढत गेलं, मग बारीक झालं, मग आणखी बारीक. आणि थांबलं.

बाईंनी गज हवेत तसाच धरला होता. तो तुकडाच तसा होता. मधे एक मोठी शांतता, आणि तिच्यानंतर खरी मजा. हॉलमधला प्रत्येक माणूस श्वास धरून बसला होता. फक्त पाठ करून उभ्या असलेल्या बॅटरीताईला गज दिसत नव्हता. तिला एवढंच कळलं की अंधार आहे, हॉल भरलेला आहे, आणि आवाज गेला.

हात आपोआप वर गेला. तीन झबके.

केबिनमध्ये ऑपरेटर डोळ्यांत तेल घालून त्या दाराकडंच बघत होता. त्याच्यासाठी सगळा कार्यक्रम तिथं होता. तीन झबके दिसले आणि त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. सगळा हॉल लख्ख उजळला. लोकांनी डोळे मिचकावले, एकमेकांकडं बघितलं. कुणाला वाटलं संपलं, त्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. रंगमंचावर बाईंनी गज हळूच खाली घेतला, मान लववली आणि त्या आत गेल्या.

फीतवाले बाहेरच्या व्हरांड्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मध्यंतर जाहीर करून ते आले होते.

"ताई, हे कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली. "मला वाटलं आवाज गेला."

"पण दिवे तर काकांनी लावले. तुकडा संपला नाही हे वर त्यांना ऐकू येत नव्हतं का?"

आता काय सांगायचं? खरं सांगावं तर नवऱ्याचं स्टूल गेलं. ती म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही. मी खूण केली की लावायचे, एवढंच त्यांना ठाऊक. सगळा दोष माझा."

फीतवाल्यांनी कपाळ पुसलं. रागावणं त्यांना नीट येतच नव्हतं. "मग असं करा, उरलेला कार्यक्रम तुम्ही बाहेर बसा. बॅटरी माझ्याकडं द्या. मी दाराशी उभा राहतो."

तिनं बॅटरी दिली. लोक आत गेले, दारं लागली. व्हरांड्यातल्या बाकावर ती एकटीच बसली. तिला रडू येत नव्हतं. नुसतं सगळं रिकामं रिकामं वाटत होतं. आपल्याच हातानं आपण घालवलं, असं तिला वाटत होतं. हॉल गेला, खिडकी गेली, आणि उद्यापासून पुन्हा ती भिंतीकडची खुर्ची.

आत फीतवाल्यांनी दाराशी उभं राहून बॅटरी वर धरली आणि खूण केली. केली म्हणजे काय, गाडीला हात दाखवावा तशी हलवली. दिवे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा हलवली. दिवे तसेच. बाई व्हायोलिन घेऊन रंगमंचावर येऊन उभ्या राहिल्या. लोक मागं वळून बघायला लागले.

वर केबिनच्या खिडकीची काच सरकली. ऑपरेटरचं डोकं बाहेर आलं.

"ती कुठंय?" तो म्हणाला.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तो आवाज छतावरून, चुन्याच्या फुलांवरून पार पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि बंद दारातून बाहेर बाकापर्यंतही आला. बॅटरीताई उठून उभी राहिली.

फीतवाले ओठांवर बोट ठेवून खुणा करत होते. ऑपरेटरनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"हा हात तिचा नाही. दाराशी माझी बायको असते, ती कुठंय?" मग त्यानं खाली बघितलं. एवढ्या माणसांची तोंडं त्याच्याकडं वळली होती. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "अजिबात येत नाही. कधीपासूनच येत नाही. तिनं सांगितलं तर मला कळतं, नाहीतर मला काही कळत नाही. मघाचं चुकलं असेल तर ते माझं. तिला आत आणा, मग दिवे घालवतो."

बाहेर बॅटरीताईचा हात दाराच्या कडीवर होता आणि ती कडी काही केल्या तिला उघडता येईना. हे वाक्य घरी, अंधारात, एकटीला तरी ऐकायला मिळावं म्हणून तिनं काय काय केलं होतं. आणि हा बाबा ते भरल्या हॉलमध्ये सांगून मोकळा झाला होता.

रंगमंचावरून व्हायोलिनवाल्या बाईंनी विचारलं, "वर त्यांच्याजवळ माइक आहे का?"

"नाही हो," फीतवाले काकुळतीला येऊन म्हणाले. "माफ करा, मी आत्ता त्यांना—"

"माइक नाही, आणि त्यांचा शब्द न् शब्द मला इथं ऐकू आला. श्वाससुद्धा." बाईंनी पहिल्या रांगेत मालकिणीकडं बघितलं. "आम्ही हॉल ठेवतोय. आता त्यांच्या बायकोला आत घ्या, आणि मला मघाचा तुकडा पहिल्यापासून वाजवू द्या. मधे मी थांबणार आहे, तेवढं मात्र त्यांना सांगून ठेवा."

फीतवाल्यांनी दार उघडलं आणि बॅटरी परत तिच्या हातात दिली. ती घेऊन ती आत आली खरी, पण दाराशी येऊन अडली. मधे थांबणार आहे, थांबलं तरी काही बिघडलेलं नसतं, हे सांगणारी खूणच त्या दोघांकडं नव्हती. अशी शांतता त्या टॉकीजमध्ये कधी झालीच नव्हती, तर खूण कुठून असणार? शेवटी ती सगळ्यांच्या देखत खुर्च्यांमधल्या वाटेनं निघाली. बाल्कनीचा जिना चढली, मग केबिनचा. गुडघे दुखत होते. खाली सगळे तिच्यासाठी थांबले होते.

ऑपरेटर चाकावर हात ठेवून उभा होता. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं नाही. मोठं माणूस पहिल्यांदा रडलं की कसं दिसतं, तसा तो दिसत होता. ती त्याच्या जवळ गेली, कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "त्या मधे थांबतील. घाबरायचं नाही. ते मुद्दामच असतं."

त्याचे ओठ हलले. ते कोणत्या शब्दासाठी हलतात ते तिला पाठ होतं, आणि ती वाट बघत राहिली. पण तो शब्द आला नाही. त्यानं मान हलवली आणि कान तिच्याकडं आणखी वळवला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिनं परत सांगितलं.